इंधनदाबाचे निदान आणि अनुमानाचे प्रामाण्य

जे कारण डोळ्यांना दिसत नाही, त्याविषयी 'ते कळले' असे केव्हा म्हणता येते, हा भारतीय दर्शनांतील जुना आणि अद्याप न मिटलेला प्रश्न आहे. न्यायदर्शनाने त्याचे उत्तर देताना डोंगरावरचा धूर आणि त्यावरून कळणारा अग्नी हे उदाहरण घेतले, आणि ते शतकानुशतके इतके वापरले गेले की आज ते वाचणाऱ्याला त्यातील अडचणच जाणवेनाशी झाली आहे. धूर दिसला की अग्नी असणारच हे कोणीही सांगेल, त्यासाठी एवढे शास्त्र कशाला, असे विद्यार्थ्याला वाटते. ही अडचण तिच्या मूळ धारेनिशी पुन्हा समोर आणायची असेल, तर अनुमान चुकले की ताबडतोब नुकसान होते असे एखादे क्षेत्र निवडावे लागते. इंधन-इंजेक्शनच्या गाडीतील इंधनदाबाच्या बिघाडाचे निदान हे तसे क्षेत्र आहे. येथे कारण टाकीत, नळीत किंवा इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्राशी दडलेले असते, बाहेर दिसतात ती केवळ लक्षणे, आणि एकेका लक्षणामागे अनेक कारणे संभवतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे हे निदान आता मोठ्या वर्कशॉपपुरते उरलेले नाही, तालुक्याच्या गावातील गॅरेजवाल्यालाही ते करावे लागते.

यंत्रणा थोडक्यात अशी आहे. टाकीत बुडालेला, विजेवर चालणारा पंप पेट्रोल फिल्टरमधून फ्युएल रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीत ढकलतो. इंजेक्टर ही विजेने उघडणारी बारीक झडप असून ती किती मिलिसेकंद उघडी राहावी हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. मात्र ईसीयूच्या हाती केवळ वेळ असतो. त्या वेळात किती पेट्रोल बाहेर पडेल हे इंजेक्टरच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर अवलंबून असते, आणि तो फरक सांभाळण्याचे काम रेग्युलेटर नावाच्या भागाकडे सोपवलेले असते. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत हा फरक सुमारे ३ बार ठेवलेला असतो. प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, तर त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून दाब ३ बारवरून २.४ बारवर आला, म्हणजे एकपंचमांशाने घटला, तरी इंधन सुमारे ११ टक्केच कमी पडते. एवढी तूट ईसीयू स्वतःच भरून काढतो, कारण धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर मिश्रण विरळ झाल्याचे कळवताच तो इंजेक्टर थोडा अधिक वेळ उघडा ठेवू लागतो. या भरपाईला फ्युएल ट्रिम म्हणतात. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत दाब शेकडो बारपर्यंत आणि आधुनिक कॉमन-रेल डिझेलमध्ये २००० बारच्या घरात जातो. तेथील नळी इंजिन चालू असताना सैल करणे जिवावर बेतू शकते, म्हणून पुढील विवेचन कमी दाबाच्या, मॅनिफोल्डमध्ये इंधन फवारणाऱ्या यंत्रणेपुरते ठेवले आहे.

भरपाईची ही सोय तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पंप दुबळा झालेला असतो, पण गाडी नीट चालत असते. कारण उपस्थित आहे आणि कार्य मात्र दिसत नाही. कार्याच्या अभावावरून कारणाचा अभाव ठरवता येत नाही, हा नैयायिकांचा इशारा येथे अक्षरशः खरा ठरतो. भरपाईची मर्यादा संपते, मालकाला गाडी घाटात उचलत नाही, झटके खाते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही असे जाणवू लागते, तेव्हा बिघाड पुष्कळदा जुना झालेला असतो.

अशा वेळी मेकॅनिक जे करतो ते गौतमाच्या न्यायसूत्रांच्या परिभाषेत शेषवत् अनुमान होय. न्यायसूत्रांनी अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले असून, भाष्यकार वात्स्यायनाने शेषवताची दोन विवरणे दिली आहेत. एका विवरणानुसार कार्यावरून कारणाकडे जाणे म्हणजे शेषवत्. त्याचे उदाहरण फुगलेल्या नदीवरून वर कोठेतरी पाऊस झाल्याचे ओळखणे. दुसऱ्या विवरणानुसार संभाव्य पर्याय एकेक करून वगळावेत आणि जो उरेल तो स्वीकारावा. दोन्ही रीती निदानात लागतात, आणि दोन्हींचे धोके वेगवेगळे आहेत.

पहिल्या रीतीचा धोका न्यायसूत्रांनीच पूर्वपक्ष म्हणून मांडला आहे. नदी फुगली ती पावसामुळेच कशावरून, खाली बांध घातल्याने पाणी तुंबूनही ती फुगू शकते. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा तो आक्षेप. इंधनदाबाच्या संदर्भात हा आक्षेप केवळ दृष्टान्त राहत नाही. गेजवर ३ बारऐवजी ४.५ बार दाब दिसला, तर पंप जोमदार आहे असा निष्कर्ष काढणारा नवशिका त्याच बांधाशी फसलेला असतो, कारण परतीची नळी तुंबली किंवा रेग्युलेटर बंद स्थितीत अडकला की दाब चढतो. सूत्रकारांचे उत्तर भाष्यकाराने उलगडले ते असे की पावसाने आलेल्या पुराची स्वतःची लक्षणे असतात, पाण्याला वेग असतो, फेस असतो, वाहून आलेली पाने, फळे, लाकडे असतात. जो केवळ पाण्याची वाढ पाहून पावसाचे अनुमान करतो, त्याची चूक अनुमानावर लादू नये. हे उत्तर पळवाटीसारखे भासते, परंतु ते तसे नाही. हेतू, म्हणजे ज्याच्या आधारे अनुमान करायचे ती खूण, जितकी ढोबळ तितके अनुमान डळमळीत, आणि ती जितकी विशेषित तितके पक्के, असा त्याचा आशय आहे. 'दाब जास्त आहे' ही ढोबळ खूण झाली. 'परतीची नळी काढून पेट्रोल मोकळ्या भांड्यात सोडले असता दाब उतरतो' ही विशेषित खूण झाली, आणि तिने नळीच तुंबली असल्याचे कळते.

येथे उपाधीची संकल्पना उपयोगी पडते. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नाही, कारण धूर निघण्यासाठी सरपण ओले असावे लागते. ओल्या सरपणाची ही लपलेली अट म्हणजे उपाधी. जो संबंध अशा अटीवर टेकलेला आहे, तो व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला संबंध, ठरू शकत नाही. समजा, एका गाडीत इंजिन निष्क्रिय गतीवर असताना गेज २.४ बार दाखवतो. परतीची नळी असलेल्या यंत्रणेत रेग्युलेटर इनटेक मॅनिफोल्डच्या निर्वाताला एका बारीक नळीने जोडलेला असतो, आणि निष्क्रिय गतीवर मॅनिफोल्डमधील दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.६ बारने कमी असतो. म्हणून तेथे गेजवरचे २.४ म्हणजे इंजेक्टरच्या दोन बाजूंमध्ये पुरेपूर ३ बार फरक, आणि यंत्रणा निर्दोष. ती निर्वाताची नळी काढताच काटा ३ वर चढला पाहिजे. उलट, ज्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच बसवलेला आहे आणि कंपनीने ठरवलेला दाब ३.५ बार आहे, तेथे हेच २.४ म्हणजे स्पष्ट बिघाड. आकडा तोच, पण यंत्रणेचा प्रकार ही उपाधी बदलली की निष्कर्ष उलटतो. गाडीचे तांत्रिक पुस्तक न उघडता केवळ अनुभवाच्या जोरावर आकड्याचा अर्थ लावणाऱ्याचे ज्ञान या कारणाने अपुरे म्हणावे लागते.

फ्युएल ट्रिमची कथा याहून बारीक आहे. इनटेकमध्ये कोठे हवा गळत असेल, तर भरपाई निष्क्रिय गतीवर जास्त आणि वाढत्या वेगाबरोबर कमी दिसते. इंधनदाब कमी असेल तर भरपाई भार वाढेल तशी वाढते. हा भेद गॅरेजांत पुष्कळदा अंतिम कसोटीसारखा वापरला जातो. परंतु मळलेला हवामापक सेन्सर आत येणारी हवा कमी सांगत असेल, तर त्याचीही भरपाई भाराबरोबर वाढते, म्हणजे खूण सव्यभिचार ठरते. ती साध्याच्या ठिकाणी जशी सापडते, तशी त्याच्या अभावाच्या ठिकाणीही सापडते. शिवाय हवेच्या गळतीची खूण आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजणाऱ्या गाड्यांपुरतीच आहे. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा हिशेब करणाऱ्या गाडीत गळतीची हवाही हिशेबात येते, आणि मिश्रण विरळ होण्याऐवजी बहुधा इंजिनाची निष्क्रिय गतीच वाढते.

स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडविषयी तर मोठाच गैरसमज आहे. मिश्रण विरळ असल्याचा पी ०१७१ हा कोड वाचून मेकॅनिक मालकाला सांगतो, की गाडीनेच बिघाड सांगितला आहे. म्हणजे तो कोडाला शब्दप्रमाणाचा, आप्तवचनाचा दर्जा देतो. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती स्वतः कळलेली आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो. ईसीयूला इंधनाविषयी काहीही थेट कळत नाही. त्याचा सेन्सर धुरातील ऑक्सिजन मोजतो, त्यावरून मिश्रण विरळ आहे असे तो अनुमान करतो, आणि भरपाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कोड नोंदवतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि पेट्रोल भरपूर असूनही मिश्रण विरळ भासते. सेन्सरच्या आधी धुराची नळी फुटून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी तसेच. कोड हे दुसऱ्याने केलेले अनुमान आहे, आणि ते हेत्वाभासापासून, म्हणजे खऱ्या हेतूसारख्या भासणाऱ्या खोट्या हेतूपासून, मुक्त असल्याची हमी कोणी दिलेली नाही.

मग निदान प्रेशर गेज लावल्यावर तरी प्रत्यक्ष ज्ञान झाले असे म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. प्रत्यक्ष दिसतो तो काटा. फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत वाकवलेली चपटी नळी आतील दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा ढकलते. काट्यावरून नळीचे सरळ होणे आणि त्यावरून दाब, अशी ही अनुमानांची साखळी आहे. काट्यावर विश्वास ठेवण्यासाठी दुसरा गेज लावावा, तर त्याच्या खरेपणासाठी तिसरा हवा. मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद येथे सबळ वाटतो: ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाण मानावे, आणि बाधक पुढे आले तरच सोडावे, अन्यथा अनवस्थेला अंत नाही. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरील कशाने तरी ठरतो असे म्हणतात. तरीही जेथे संशयाला जागा आहे तेथेच पडताळणी लागते, असे सांगून ते अनवस्था टाळतात. गॅरेजच्या व्यवहाराशी नैयायिकांची ही भूमिका अधिक जुळते. इंजिन बंद व दाब पूर्ण उतरलेला असताना शून्यावर येणारा काटा कोणी संशयात घेत नाही, पण शून्यावर न येणारा काटा लगेच संशयात येतो.

चार्वाकांचा आक्षेप याहून मुळाशी जातो. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात तो असा मांडला आहे की सर्व देशांतील व सर्व काळांतील धूर कोणी पाहिलेला नाही, तेव्हा व्याप्ती कळण्याचा मार्गच नाही. याला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर कृतीच्या अंगाने जाते: जो कार्यकारणभावावर संशय घेतो तोच व्यवहारात त्यावर विसंबून वागतो, म्हणून त्याचा संशय त्याच्याच वागण्याने बाधित होतो. संशयाला सीमा आहे, आणि ती मनुष्याच्या प्रवृत्तीने घातलेली आहे. तथापि या उत्तराने संशय सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही. चार्वाकाचा आग्रह नसता तर उपाधी शोधण्याची शिस्त एवढी कडक झाली नसती, असे मानण्यास जागा आहे.

आता दुसरी रीती, परिशेषाची, म्हणजे पर्याय वगळत जाण्याची. गाडी बंद केल्यावर रेलमधील दाब बराच वेळ टिकावा अशी रचना असते. तो काही क्षणांत उतरला, तर सकाळी सुरू होण्यास त्रास होतो. उतरण्याचे मार्ग सहसा तीन सांगितले जातात: पंपातील उलट प्रवाह रोखणारी झडप, रेग्युलेटर, किंवा थेंब गाळणारा इंजेक्टर. टाकीकडून येणारी नळी बंद करताच दाब टिकला तर दोष पंपाच्या झडपेचा, परतीची नळी बंद करताच टिकला तर रेग्युलेटरचा, आणि दोन्ही बंद करूनही उतरला तर इंजेक्टरचा. ही पद्धत सुंदर आहे, पण तिचे सर्व बळ यादी पूर्ण असण्यावर अवलंबून आहे. टाकीच्या आत पंप आणि झाकण यांना जोडणारा आखूड पाइप चिरला असेल, तर टाकीकडची नळी बंद करताच दाब टिकतो, आणि दोष नसलेली झडप दोषी ठरते. परिशेषाने मिळालेला निष्कर्ष म्हणजे केवळ 'यादीतला उरलेला' असतो. तो 'खरा' ठरण्यासाठी त्याची स्वतःची अशी खूण वेगळी दाखवावी लागते. रेग्युलेटरचा पडदा फाटला असेल, तर त्याच्या निर्वाताच्या नळीत पेट्रोलचा ओलावा सापडतो. अशी खूण मिळाल्यावर वगळण्यावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

चरकसंहितेने आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण मानले आहे. नांगरट, पाणी, बी आणि ऋतू यांच्या संयोगातून पीक येते, तसे अनेक कारणांचा मेळ एकत्र पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती. शांतरक्षिताने तत्त्वसंग्रहात तिचे वेगळे प्रामाण्य नाकारले, परंतु निदानाच्या व्यवहारात चरकाची सूक्ष्मता मान्य करावी लागते. गेज दाब सांगतो, प्रवाह सांगत नाही. फिल्टर तुंबलेला असला तरी निष्क्रिय गतीवर पेट्रोलची मागणी एवढी थोडी असते की काटा योग्य जागी राहतो, आणि चढावर मागणी वाढताच कोसळतो. तसेच पंपाच्या जोडणीवर इंजिन बंद असताना मोजलेले १२ व्होल्ट फसवे असतात, कारण काळवंडलेल्या कनेक्टरमधील तूट करंट वाहू लागल्यावरच प्रकट होते. पंप चालू असताना, भार असताना, दाब, प्रवाह आणि व्होल्टेज एकाच वेळी पाहिले तरच तिन्हींचा परस्परसंबंध कळतो.

आता सर्वांत अवघड भाग. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य मुख्यतः सफल प्रवृत्तीवरून कळते. पाणी पाहून गेलेल्याची तहान भागली, तर ते पाण्याचेच ज्ञान होते. गॅरेजमध्ये याचा अर्थ असा घेतला जातो, की पंप बदलला आणि गाडी चालली, म्हणजे पंप खराब होता. समजा, दोष कनेक्टरमध्ये होता आणि पंप बदलताना तो काढून पुन्हा घट्ट बसवला गेला. कृती सफल झाली, ज्ञान मात्र मिथ्याच राहिले. आणि काही महिन्यांनी कनेक्टर पुन्हा काळवंडला की नवा पंपही दोषी ठरतो. सफलता हीदेखील एक खूण आहे आणि तिलाही उपाधी असू शकते, हे येथे दिसते. याच्या उलट स्थितीही संभवते. पंप खरोखर खराब आहे, पण मेकॅनिकने ते ठरवले केवळ कोड वाचून किंवा 'या मॉडेलचा पंप जातोच' या ऐकीव गोष्टीवरून. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने खण्डनखण्डखाद्यात नेमकी ही गाठ दाखवली आहे: दुसऱ्याच्या मुठीतील कवड्यांची संख्या एखाद्याने अंदाजाने सांगितली आणि ती जुळली, किंवा धुक्याला धूर समजून अग्नीचे अनुमान केले आणि तेथे योगायोगाने अग्नी होताही, तर हे यथार्थ असूनही ज्ञान म्हणावे काय? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात एडमंड गेटियरच्या १९६३ मधील छोट्या लेखानंतर हाच प्रश्न गाजला. श्रीहर्षाचा हेतू प्रमाणांची व्याख्याच अशक्य ठरवण्याचा होता, आणि तेवढे त्याचे म्हणणे मान्य करण्याची गरज नाही. पण जुळलेला अंदाज आणि ज्ञान यांतील अंतर त्याने जितके स्पष्ट दाखवले तितके फार थोड्यांनी दाखवले असेल.

चरकाने रोगाच्या निदानासाठी निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच साधने सांगितली. त्यांपैकी उपशय म्हणजे औषध, आहार किंवा विहार देऊन त्याने बरे वाटते काय हे पाहणे. भाग बदलून पाहणे हा उपशयाचाच प्रकार असल्याने तो सरसकट निंद्य नाही. मात्र चरकाच्या मांडणीत उपशय इतर चार साधनांच्या सोबत येतो, विशेषतः संप्राप्तीच्या, म्हणजे बिघाड कारणापासून लक्षणापर्यंत कोणत्या क्रमाने पोचला याच्या ज्ञानाच्या सोबत. काढलेला पंप बाहेर बॅटरीवर चालवून त्याचा दाब आणि प्रवाह मोजला, व तो खरोखर कमी भरला, तर अन्वयाबरोबर (कारण असता कार्य असणे) व्यतिरेकही (कारण नसता कार्य नसणे) सिद्ध होतो. हे मोजमाप न करता पंप भंगारात टाकणारा पुरावाच टाकून देतो.

या सर्वाचा धर्मविचाराशी असलेला संबंध वरवरचा नाही. न्यायसूत्रांच्या आरंभीच दुःख, जन्म, प्रवृत्ती, दोष आणि मिथ्याज्ञान अशी साखळी दिली असून, पुढची कडी तुटली की मागची तुटते, या क्रमाने अपवर्ग, म्हणजे मुक्ती, सांगितली आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्य तर रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध या वैद्यकाच्या चार अंगांची मोक्षशास्त्राशी स्पष्ट तुलना करते. दोन्ही ठिकाणी आग्रह एकच आहे, की लक्षण दडपणे म्हणजे कारण दूर करणे नव्हे. ईसीयूची भरपाई लक्षण झाकते आणि पंप मात्र झिजत राहतो. तद्वत मन रमवणाऱ्या उपायांनी दुःख झाकले जाते आणि अज्ञान तसेच राहते, हे दर्शनकारांना मान्य होते. म्हणूनच त्यांनी मुक्तीच्या शास्त्राचा आरंभ प्रमाणांच्या चर्चेने केला. कारण नीट न कळता केलेल्या उपायाची किंमत उपाय करणारा मोजत नाही, ज्याच्यावर तो केला जातो तो मोजतो. गॅरेजमध्ये ती गाडीच्या मालकाच्या खिशातून जाते. न मोजता दोष ठरवणे हा या अर्थाने केवळ कौशल्याचा अभाव नसून अधर्म आहे, असे निःसंकोचपणे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाचे अध्ययन जुने आहे. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांनी भाषांतरासह पूर्ण केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. हा ग्रंथ आजही शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी डोंगरावरच्या धुराशेजारी इंधनदाबाचे हे उदाहरण फळ्यावर मांडावे, आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या निदेशकांनी विद्यार्थ्याच्या हाती पाना देण्याआधी त्याला एवढे विचारावे, की तुझा निष्कर्ष चुकीचा असता तर गेजवर काय दिसले असते.